पहिली आवृत्ती की पाचवी? रेकॉर्डचं प्रेसिंग ओळखायची रीत

रेकॉर्ड हातात आली की लेबल वाचायच्या आधी ती उजेडात तिरपी धरा. शेवटचं गाणं संपतं आणि लेबल सुरू होतं, त्यांच्यामध्ये एक गुळगुळीत काळा पट्टा असतो. संग्राहक त्याला डेड वॅक्स म्हणतात. सुई तिथे पोचते तेव्हा ऐकणारा रेकॉर्ड उलटायला उठलेला असतो, त्यामुळे या पट्ट्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. पण ही तबकडी कुठल्या साच्यातून निघाली, हे तिथेच कोरलेलं असतं.

हे मी पैसे घालवून शिकलो. मुंबईच्या चोरबाजारात एका गाळ्यावर बीटल्सची पहिली एलपी, ‘प्लीज प्लीज मी’, समोर आली. ब्रिटनमध्ये दाबलेली, कव्हर बऱ्यापैकी, लेबलवर पिवळी अक्षरं. विकणारा म्हणाला, “फर्स्ट प्रेस है साहब, साल लिखा है, खुद पढ लो.” मी वाचलं. लेबलवर इंग्रजीत ‘ध्वनिमुद्रण प्रथम प्रकाशित १९६३’ असं स्वच्छ छापलेलं होतं. मी सांगितलेली किंमत दिली आणि कितीतरी महिने ती रेकॉर्ड येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिलो. एकदा एका जाणत्या स्नेह्यानं ती हातात घेतली, लेबलच्या कडेनं गोल फिरणारा बारीक मजकूर वाचला आणि परत दिली. त्या कडेवर ‘द ग्रामोफोन कंपनी लिमिटेड’ होतं. १९६३ मध्ये तिथे ‘द परलोफोन कंपनी लिमिटेड’ छापत असत. ग्रामोफोन कंपनीचं नाव १९६५ मध्ये आलं. लेबलवरचं साल खरंच होतं. फक्त ते ध्वनिमुद्रणाचं होतं, माझ्या हातातल्या तबकडीचं नव्हतं.

त्या दिवसापासून एकच नियम धरून चालतो, आणि खाली जे काही सांगतोय ते सगळं त्याच नियमाचा वापर आहे: तबकडी तिच्यावरच्या सर्वांत नव्या खुणेपेक्षा जुनी असू शकत नाही. जुन्या खुणा पुढच्या आवृत्त्यांतही तशाच राहतात, कारण कारखाने उरलेली लेबलं, उरलेली कव्हरं आणि जुने साचे टाकून देत नाहीत. म्हणून जुनेपणाचे दहा पुरावे सापडले तरी थांबायचं नाही. त्यांना खोटं पाडणारी एखादी नवी खूण आहे का, ते शोधायचं.

आधी साच्याची वंशावळ

डेड वॅक्सवरचे आकडे कळायचे तर रेकॉर्ड कशी बनते हे माहीत हवं. मास्टर टेपवरून नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर दिलेल्या चकतीवर कटिंग लेथनं खाच कोरतात. ही लॅकर. तिच्यावर चांदीचा पातळ थर देऊन विजेच्या साह्यानं निकेल चढवतात आणि ते सोलून काढतात. हा ‘फादर’, यात खाचेच्या जागी उंचवटा असतो. फादरवरून पुन्हा निकेलची प्रत काढली की ‘मदर’ मिळते, तिच्यात पुन्हा खाच असते. मदरवरून ‘स्टॅम्पर’ काढतात, आणि हा स्टॅम्पर प्रेसमध्ये बसवून गरम व्हिनाइलवर दाबला की आपल्या हातातली रेकॉर्ड तयार होते. स्टॅम्पर झिजतो, मग मदरवरून दुसरा काढतात. मदर झिजली की फादरवरून दुसरी. आणि फादरही निकामी झाला, किंवा ध्वनी पसंत पडला नाही, तर टेपवरून नवी लॅकर कापावी लागते.

म्हणजे एकाच एलपीच्या लाखभर प्रती निघाल्या तर त्या एका साच्याच्या नसतात, आणि क्वचित त्या एका कटिंगच्याही नसतात. कटिंग बदललं की आवाज बदलतो. आवृत्त्यांमधला हा फरक कानाला कळणारा असतो. बाकीचे फरक बहुतेक कागदाचे आणि शाईचे.

हाताशी काय हवं

एक छोटी टॉर्च, दहापट मोठं दिसणारं सोनाराचं भिंग, मऊ मायक्रोफायबर कापड आणि वही-पेन्सिल, एवढं पुरतं. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा असला तर बरं. डेड वॅक्समध्ये धूळ आणि बुरशी बसलेली असते. पुसायचं तर खाचेच्या दिशेनं, गोलाकार, आणि लेबल ओलं न करता. आणखी एक सांगून ठेवतो, कारण आजोबांच्या पेटीत दोन्ही प्रकार एकत्र असतात: व्हिनाइल पुसायचं द्रावण ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांवर वापरू नका. त्यात बहुधा अल्कोहोल असतं आणि त्या तबकड्यांतली लाख अल्कोहोलनं विरघळते.

टॉर्च वरून सरळ मारू नका. जवळजवळ तबकडीच्या पातळीत, बाजूनं धरा. कोरीव अक्षरांची सावली पडते आणि ती उठून दिसतात. फोटोही असाच काढा.

पहिली पायरी: लेबल, अगदी कडेपर्यंत

लेबलचा रंग आणि बोधचिन्ह सगळेच पाहतात. तिथे थांबणाऱ्याची फसगत होते. ‘प्लीज प्लीज मी’चंच उदाहरण पूर्ण करतो, कारण एका लेबलवर किती स्तर असतात ते त्यात छान दिसतं.

ही एलपी २२ मार्च १९६३ ला ब्रिटनमध्ये आली. मोनो आवृत्तीचा क्रमांक पीएमसी १२०२, स्टिरिओचा पीसीएस ३०४२. पहिल्या प्रतींचं लेबल काळं, अक्षरं सोनेरी. त्याच वर्षी परलोफोननं काळ्यावर पिवळी अक्षरं आणली. म्हणजे सोनेरी आधीचं, पिवळं नंतरचं, इथवर सोपं आहे. पण सोनेरीतही दोन पिढ्या आहेत. ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’, ‘मिझरी’, ‘डू यू वाँट टू नो अ सीक्रेट’ आणि ‘देअर्स अ प्लेस’ या चार गाण्यांखाली अगदी पहिल्या प्रतींवर प्रकाशक म्हणून डिक जेम्स म्यूझिक कंपनीचं नाव आहे. लवकरच त्या चारही ठिकाणी नॉर्दर्न साँग्ज आलं. पाहायची ती हीच चार गाणी. शीर्षकगीत आणि ‘आस्क मी व्हाय’ यांच्याखाली डिक जेम्सचं नाव पुढच्या आवृत्त्यांतही राहिलं. त्यामुळे लेबलवर कुठेतरी ‘डिक जेम्स’ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. सोनेरी लेबलाची स्टिरिओ प्रत तर फारच दुर्मीळ. एप्रिलच्या अखेरीस ती बाजारात आली आणि थोड्याच दिवसांत पिवळं लेबल सुरू झालं.

पिवळ्या लेबलांतले थर असे: आधी कडेवर परलोफोन कंपनीचं नाव. मग १९६४ च्या सुमारास मधोमध एक ओळ आली, ब्रिटनमध्ये ठरवून दिलेल्या किमतीलाच विकावी अशा अर्थाची. संग्राहक तिला ‘सोल्ड इन यूके’ ओळ म्हणतात. १९६५ मध्ये कडेवरचं नाव ग्रामोफोन कंपनीचं झालं. १९६९ मध्ये ती किमतीची ओळ गेली आणि त्याच वर्षी पुढे पिवळी अक्षरंही गेली; काळ्यावर चंदेरी अक्षरं आणि ईएमआयची, म्हणजे परलोफोनच्या मालक कंपनीची, चौकट आली. आधी एक चौकट, पुढे दोन.

मधल्या भोकाजवळ बोट फिरवलंत तर दोन उठावदार अक्षरं लागू शकतात. ती ब्रिटनच्या खरेदी कराची खूण आहे. कराचा दर बदलला की अक्षरं बदलत. १९६३ चा बहुतेक काळ एमटी, त्या वर्षाच्या अखेरीपासून केटी. १९७३ मध्ये हा कर जाऊन व्हॅट आला. आता तो माझा नियम लावा: सोनेरी लेबल आहे, पण त्यावर केटी दाबलेलं आहे, तर ती मार्चमधली प्रत असणं शक्य नाही.

दुसरी पायरी: डेड वॅक्स

ईएमआयच्या ब्रिटिश रेकॉर्डचं डेड वॅक्स वाचायला सर्वांत शिस्तशीर. लेबलला घड्याळ समजा. सहाच्या ठिकाणी मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या बाजूच्या साच्याचा क्रमांक, असतो. ‘प्लीज प्लीज मी’च्या मोनोवर पहिल्या बाजूला एक्सईएक्स ४२१, दुसऱ्या बाजूला एक्सईएक्स ४२२, आणि पुढे आडव्या रेघेनंतर १एन. ही रेघेनंतरची संख्या कितवं कटिंग ते सांगते. नऊच्या ठिकाणी एखादा आकडा असतो, तो मदरचा. तीनच्या ठिकाणी एक, दोन किंवा तीन अक्षरं असतात, तो स्टॅम्परचा क्रमांक, आणि तो सांकेतिक लिपीत आहे.

ही लिपी मला अजूनही फार सुंदर वाटते. कंपनीचं नाव ग्रामोफोन कंपनी लिमिटेड. त्याच्या इंग्रजी रूपातली दहा वेगवेगळी अक्षरं घेतली आणि त्यांना अंक दिले: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे ०. तीनच्या ठिकाणी नुसतं जी असेल तर पहिला स्टॅम्पर. आर-ओ असेल तर पंचविसावा. जी-डी-ए म्हणजे एकशे तिसरा. मदर १, स्टॅम्पर जी अशी प्रत कुणाला मिळाली तर ती धातूच्या अगदी पहिल्या पिढीतली.

इथे जरा सबुरीनं घ्या. हे आकडे तारखा नाहीत. गाजणाऱ्या एलपीसाठी एकाच वेळी अनेक मदर आणि अनेक प्रेस चालू असत, त्यामुळे मदर ३ मधली प्रत मदर १ च्या नंतरचीच असेल असं नाही. आणि पहिलं कटिंग चांगलं उतरलं असेल तर ते वर्षानुवर्षं वापरलं जातं. माझ्या चोरबाजारी प्रतीच्या डेड वॅक्सवरही १एनच आहे. नुसतं ‘मॅट्रिक्स १’ पाहून पहिली आवृत्ती ठरवली असती तर दुसऱ्यांदा चुकलो असतो.

अमेरिकेच्या कोलंबिया कंपनीच्या रेकॉर्डवर तर ही सावधगिरी दुप्पट हवी. तिथे मॅट्रिक्सच्या शेवटी १ए, १बी, १सी असं असतं आणि बाजारात १एला भलता भाव येतो. पण तिथे सुरुवातीलाच अनेक लॅकर कापून त्या वेगवेगळ्या कारखान्यांना पाठवत. १ए एका कारखान्यात गेली, १डी दुसऱ्या, आणि दोन्हीकडून रेकॉर्डी एकाच सुमारास बाहेर पडल्या. माझ्या मते अशा वेळी अक्षरापेक्षा स्टॅम्पर किती ताजा होता, हे महत्त्वाचं. आणि ते कानांनीच कळतं.

आकडा बदलला की गाणं बदलतं

हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारलं तर मी ‘रिव्हॉल्व्हर’ची मोनो प्रत दाखवतो. ही एलपी ५ ऑगस्ट १९६६ ची, क्रमांक पीएमसी ७००९. दुसऱ्या बाजूचा मॅट्रिक्स एक्सईएक्स ६०६. अगदी सुरुवातीच्या थोड्या प्रतींवर रेघेनंतर १ आहे. त्या बाजूचं शेवटचं गाणं ‘टुमॉरो नेव्हर नोज’ तिथे वेगळ्या मिश्रणाचं आहे. रिमिक्स ११ कापलं गेलं होतं. ते थांबवून रिमिक्स ८ घेतलं आणि बाजू नव्यानं कापली. लेबल तेच, कव्हर तेच, किंमत तीच. एका आकड्याच्या फरकानं गाणं वेगळं झालं. हा आकडा पाहायला विक्रेत्याची परवानगी, टॉर्च आणि दहा सेकंद लागतात.

तसंच ‘रबर सोल’च्या मोनोचं. तिच्या दोन्ही बाजूंचं पहिलं कटिंग पुढच्यापेक्षा मोठ्या आवाजाचं आहे, म्हणून संग्राहक त्याला ‘लाउड कट’ म्हणतात. अमेरिकेत ‘लेड झेपलिन टू’च्या १९६९ च्या सुरुवातीच्या प्रतींच्या डेड वॅक्सवर हातानं कोरलेली ‘आरएल’ ही अक्षरं सापडतात. ती कटिंग करणारे इंजिनिअर रॉबर्ट लडविग यांची. त्यांचं कटिंग इतकं जोरकस होतं की स्वस्त प्लेअरवर सुई उडायची, म्हणून लवकरच मवाळ कटिंग आलं. या प्रतींना भाव येतो तो दुर्मीळ असण्याइतकाच त्या आवाजाचा आहे.

तिसरी पायरी: कारखान्याची सही

अमेरिकेत एकच एलपी देशाच्या वेगवेगळ्या टोकांना असलेल्या कारखान्यांत दाबली जाई आणि प्रत्येकाची खूण वेगळी. ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या बाबतीत तर कारखान्याची खूण हाच निर्णायक पुरावा आहे.

ब्लू नोटच्या रेकॉर्डी बरीच वर्षं न्यू जर्सीतल्या प्लास्टिलाइट कारखान्यात दाबल्या जात. त्या कारखान्याची खूण म्हणजे डेड वॅक्समधलं वळणदार इंग्रजी पी. ते उलटसुलट वळवून पाहिलं की माणसाच्या कानासारखं दिसतं, म्हणून जगभर त्याला ‘इअर’ म्हणतात. शेजारी बहुधा ‘आरव्हीजी’ असतं, म्हणजे ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी स्वतः कापलेली लॅकर. आधी हातानं कोरलेलं, पुढे ठशानं उमटवलेलं, आणि मग पूर्ण ‘व्हॅन गेल्डर’.

लेबलवर पत्ता असतो आणि तो काळाबरोबर बदलत गेला. आधी ७६७ लेक्सिंग्टन अव्हेन्यू. १९५७ पासून ४७ वेस्ट सिक्स्टी-थर्ड. १९६२ च्या सुमारास नुसतं ‘न्यूयॉर्क यूएसए’. १९६५ मध्ये लिबर्टी रेकॉर्ड्सनं ब्लू नोट विकत घेतली आणि १९६६ पासून लेबलवर ‘लिबर्टी रेकॉर्ड्सचा विभाग’ आलं. मात्र जुनी ‘न्यूयॉर्क यूएसए’ लेबलं आणि छापून ठेवलेली कव्हरं पडून होती. लिबर्टीनं ती वापरून संपवली. त्यामुळे लेबल जुनं, कव्हर जुनं, पण तबकडी लिबर्टीच्या काळातली अशा प्रती भरपूर आहेत. त्यांच्यात कान नसतो, कारण १९६६ मध्ये प्लास्टिलाइटचं काम थांबलं होतं. म्हणून ब्लू नोट घेताना पहिला प्रश्न पत्त्याचा नाही, कानाचा. जॉन कोल्ट्रेन यांची ‘ब्लू ट्रेन’ सप्टेंबर १९५७ मध्ये ध्वनिमुद्रित झाली, क्रमांक १५७७. तिच्या सुरुवातीच्या प्रतीवर वेस्ट सिक्स्टी-थर्डचा पत्ता, कान आणि आरव्हीजी तिन्ही एकत्र हवेत. एक जरी कमी असेल तर पहिल्या आवृत्तीचा भाव देऊ नका.

लेबलच्या मध्यावर बोटाला लागणारी गोल खोलगट चर, म्हणजे ‘डीप ग्रूव्ह’, हीही जुनेपणाची खूण मानतात. ती स्टॅम्परमुळे पडत नाही, प्रेसमधल्या जुन्या डायमुळे पडते. जुनी डाय नव्या काळातही एखाद्या प्रेसवर राहिली असेल तर चर एकाच बाजूला मिळते. म्हणून ती साक्षीदारांपैकी एक समजा, न्यायाधीश नको.

चौथी पायरी: कव्हर, आणि त्यावरचा पिनकोड

कव्हर आणि तबकडी यांची लग्नं पुष्कळदा दुसरी असतात. फाटलेल्या कव्हरातली चांगली तबकडी आणि ओरखडलेल्या तबकडीचं चांगलं कव्हर, दोन्ही मिळून एक ‘सुंदर’ प्रत विकायला येते. त्यामुळे कव्हरचा काळ आणि तबकडीचा काळ वेगवेगळे काढा, मग जुळतात का पाहा. आतली कागदी पिशवी तर सर्वांत अविश्वासू. ती कुणीही केव्हाही बदलतं.

ब्रिटिश कव्हरच्या मागच्या बाजूला तळाशी छापखान्याचं नाव असतं. बीटल्सच्या सुरुवातीच्या एलपींवर गॅरोड अँड लॉफ्टहाउस किंवा अर्नेस्ट जे. डे. पुढचा गुळगुळीत चकाकता कागद मागे दुमडून कडा चिकटवलेल्या असतात, त्यांना ‘फ्लिपबॅक’ म्हणतात. नंतरच्या कव्हरांत या दुमडी आत गेल्या.

पण मला सर्वांत उपयोगी पडलेली खूण टपालखात्याची आहे. पिनकोड कधी सुरू झाला याची तारीख नक्की असते आणि छापखान्याला ती मागे नेता येत नाही. अमेरिकेत झिप कोड जुलै १९६३ मध्ये आला. ब्लू नोटच्या काही लेबलांवर पत्त्यात ‘न्यूयॉर्क २३’ आहे, तो २३ म्हणजे त्याआधीच्या पद्धतीतला टपाल विभाग. भारतात सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. कव्हरवर किंवा आतल्या पिशवीवर कारखान्याचा पत्ता ‘कलकत्ता-२८’ असा असेल तर तो डमडमचा जुन्या पद्धतीचा विभाग क्रमांक. ७०००२८ असेल तर ते कव्हर १९७२ च्या आधी छापलेलं असूच शकत नाही, मग लेबलवर काहीही साल असो. बॉम्बेचं मुंबई १९९५ मध्ये झालं, कलकत्त्याचं कोलकाता २००१ मध्ये. बारकोड असेल तर १९८० च्या आसपासचं किंवा नंतरचं.

हे उलट्या दिशेनं मात्र लावू नका. पिनकोड नाही म्हणून कव्हर ७२ च्या आधीचं, असं ठरत नाही. लोक जुन्या सवयीनं जुना पत्ता छापत राहतात. खूण असण्याला अर्थ आहे, नसण्याला फारसा नाही. दुकानाचं स्टिकरही काहीतरी सांगतं, पण ते प्रत केव्हा विकली गेली तेच सांगतं.

आपल्याकडच्या रेकॉर्डी

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जी रेकॉर्ड हाती लागते ती बहुधा एचएमव्हीची, म्हणजे डमडमच्या कारखान्यातली. ग्रामोफोन कंपनीनं १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना काढला होता, तो पुढे डमडमला गेला. कंपनीचं घराणं ईएमआयचंच, त्यामुळे वर सांगितलेली घड्याळाची रीत इथेही करून पाहावी. इंग्रजी एलपीच्या भारतीय प्रतीवर ब्रिटिश मॅट्रिक्सच उमटलेला असेल तर साचा तिकडून आला. वेगळा मॅट्रिक्स असेल तर कटिंग इथलं. ‘मेड इन इंडिया’ वाचून ती रेकॉर्ड बाजूला ठेवणाऱ्यांनी हे एकदा तपासावं.

मराठी आणि हिंदुस्थानी संगीताच्या एलपींवर क्रमांकाच्या आधीची अक्षरं पाहा. ईसीएलपी असेल तर मोनो, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ, आणि ७ईपीई ही सात इंची ईपी. एकाच गायकाचं ध्वनिमुद्रण आधी एका क्रमांकानं आणि वर्षांनी दुसऱ्या क्रमांकानं नव्या कव्हरात आलेलं असतं. जुन्या मोनो मुद्रणाच्या नव्या आवृत्तीवर स्टिरिओ लिहिलेलं दिसलं तर बारीक अक्षरं वाचा. मोनोलाच विजेच्या करामतीनं दोन वाहिन्यांत पसरवलेलं असू शकतं. मी अशा वेळी नेहमी मोनोच घेतो. तबला एका कानात आणि गळा दुसऱ्या कानात, हे ऐकवत नाही.

नाट्यसंगीताच्या एलपीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. बालगंधर्वांची पदं मुळात ७८ च्या तबकड्यांवर निघाली. एलपी हा प्रकारच जगात १९४८ मध्ये आला. त्यामुळे त्यांच्या एलपीला ‘ओरिजिनल’ म्हणून कुणी वाढीव भाव सांगितला तर ती मूळ आवृत्ती नव्हे, नंतर केलेलं संकलन आहे, हे नम्रपणे सांगायला हरकत नाही. संकलनाचीही पहिली आवृत्ती असते आणि ती जपण्यासारखी असते. फक्त भाव त्या हिशेबानं द्यावा.

पाचवी पायरी: वजन, आणि नक्कल

वजनावरून फार निष्कर्ष काढू नका. १९७० च्या दशकात तेलाच्या टंचाईनंतर रेकॉर्डी पातळ झाल्या हे खरं, आणि आज १८० ग्रॅमची जाड रेकॉर्ड नव्या प्रेसिंगचीच असते हेही बहुतेक वेळा खरं. म्हणजे जडपणा कधी कधी नवेपणाचीच खूण ठरतो.

नकली प्रत ओळखायला भिंग लागतं. खऱ्या कव्हरवर फोटो ठिपक्यांचा असतो, पण अक्षरांच्या कडा भरीव आणि तीक्ष्ण असतात. नकली कव्हर हे छापील कव्हराचा फोटो काढून पुन्हा छापलेलं असतं, त्यामुळे अक्षरांच्या कडाही ठिपक्यांनी खाल्लेल्या दिसतात. ‘इंट्रोड्यूसिंग द बीटल्स’ या १९६४ च्या अमेरिकन एलपीच्या इतक्या नकला झाल्या आहेत की समोर आलेली प्रत आधी नकली धरूनच तपासायला घ्यावी.

छपाईतल्या चुकांवरून आवृत्ती ठरवतानाही हात राखून ठेवा. माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’च्या सुरुवातीच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन गाण्यांची नावं उलटसुलट छापलेली आहेत. ती चूक एकाच दिवसात दुरुस्त झाली नव्हती, त्यामुळे चूक दिसली की प्रत जुनी एवढंच म्हणता येतं, पहिली नाही.

शेवटी पडताळा

हे सगळं लिहून घेतलं की मगच डिस्कॉग्स, म्हणजे रेकॉर्डींच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणारं संकेतस्थळ, उघडा. आधी उघडलंत तर डोळे तिथलं वर्णन रेकॉर्डवर शोधू लागतात, आणि हवं ते सापडतं. शोधताना अल्बमचं नाव टाकू नका, मॅट्रिक्स जसाच्या तसा टाका. शेकडो आवृत्त्या पाच-सहावर येतात. मग लेबलची कड, छापखाना आणि करखूण यांनी उरलेल्या गाळा. दोन नोंदींत फरक कळत नसेल तर महागडी आपली समजू नका. विकणाऱ्यानं डेड वॅक्सचा फोटो द्यायला टाळाटाळ केली, तर व्यवहार तिथेच सोडा.

निष्कर्ष पेन्सिलीनं कागदाच्या चिठ्ठीवर लिहून कव्हरात ठेवतो, शाईनं नाही आणि कव्हरवर तर कधीच नाही. चोरबाजारातल्या त्या प्रतीत आज ही चिठ्ठी आहे:

‘पीएमसी १२०२, मोनो. लेबल काळं-पिवळं. कड: ग्रामोफोन कंपनी, म्हणून १९६५ किंवा नंतर. सोल्ड इन यूके ओळ आहे, म्हणून १९६९ च्या पुढे नाही. करखूण केटी. मॅट्रिक्स ४२१-१एन, मदर ५, स्टॅम्पर आर-एल-ओ म्हणजे २८५. कव्हर गॅरोड अँड लॉफ्टहाउस, फ्लिपबॅक. तबकडीच्या आधीचं असू शकतं. दुसरी बाजू नीट पुसून पुन्हा वाचायची आहे.’